श्रेयनामावलीत नसलेले नाव : डेलिया डर्बीशायर

शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली होती आणि ब्रिटनमधील घराघरांत दूरचित्रवाणी संचासमोर बसलेली माणसे त्या वार्तेने सुन्न झाली होती. त्या संध्याकाळी बीबीसीने एका नव्या मालिकेचा पहिला भाग दाखवला. मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’. काळाच्या कोणत्याही टप्प्यावर जाऊ शकणाऱ्या एका गूढ प्रवाशाची ती कथा होती. पडद्यावर धुरासारख्या आकृत्या हलू लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक सुरावट ऐकू आली. खालून धावणारा खर्जाचा ठेका, त्यावर तरंगत वर चढणारी लांबलचक मींड, मधूनच वाऱ्याची सळसळ. कोणते वाद्य वाजते आहे, ते ऐकणाऱ्याला सांगता येईना. सांगता येणे शक्यही नव्हते. त्या सुरावटीत रूढ अर्थाने वाजवलेले एकही वाद्य नव्हते.

ही सुरावट ज्या स्त्रीने आपल्या दोन हातांनी, ब्लेडने फीत कापून आणि जोडून उभी केली, तिचे नाव त्या संध्याकाळी पडद्यावर आले नाही. पुढच्या आठवड्यात आले नाही, पुढच्या वर्षीही आले नाही. ते यायला पन्नास वर्षे लागली आणि तोवर तिच्या निधनाला एक तप उलटून गेले होते. तिचे नाव डेलिया डर्बीशायर.

‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांवर आधारलेली मालिका जगातील दीर्घायुषी मालिकांपैकी एक मानली जाते. तिच्या आरंभकाळातील अनेक जण आता हयात नाहीत. पहिल्या डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल १९७५ मध्ये गेले. सुरावटीची स्वरलिपी लिहिणारे मूळचे ऑस्ट्रेलियन संगीतकार रॉन ग्रेनर १९८१ मध्ये गेले. मालिकेची कल्पना पुढे रेटणारे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन १९९७ मध्ये, तर अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निर्मातीपद सांभाळणाऱ्या व्हेरिटी लॅम्बर्ट २००७ मध्ये निवर्तल्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले. त्या वेळी त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. एक तरुण स्त्री, एक तरुण भारतीय आणि एक उतारवयाकडे झुकलेला नट यांच्या खांद्यावर ही मालिका उभी राहिली, हे अनेकदा सांगितले जाते. डेलियाची कहाणी मात्र बराच काळ सांगितली गेली नाही, कारण ती सांगण्यासाठी लागणारे नावच कागदावर नव्हते.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरात झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. घर कष्टकऱ्यांचे. ती साडेतीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्बचा वर्षाव केला. शहराचा मध्यभाग जळून गेला, मध्ययुगीन कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. त्यानंतर सुरक्षिततेसाठी तिला लँकेशायरमधील प्रेस्टन या गावी नेण्यात आले. त्या काळाच्या दोन ध्वनिस्मृती तिच्या मनात आयुष्यभर राहिल्या. एक हवाई हल्ल्याच्या भोंग्याची. तो कुठून येतो हे कळत नाही, तो कोणत्याही वाद्यासारखा नाही, पण तो वर चढतो, खाली उतरतो आणि त्याचा अर्थ अंगावर काटा आणतो. दुसरी, प्रेस्टनच्या फरसबंद गल्ल्यांतून पहाटे गिरणीकडे निघालेल्या कामगारांच्या लाकडी तळव्यांच्या पादत्राणांचा खडखडाट. अमूर्त ध्वनीचे पहिले संस्कार आपल्यावर या भोंग्यांनी केले, असे तिने उत्तरायुष्यात मुलाखतकारांना आवर्जून सांगितले. ‘डॉक्टर हू’ची ती वर चढणारी मींड ऐकताना हा तपशील आठवला, तर सुरावट वेगळीच ऐकू येते.

घरात पुस्तके फारशी नव्हती, रेडिओ होता. तोच तिची शाळा बनला. आठव्या वर्षी पियानोची शिकवणी सुरू झाली. कॉव्हेंट्रीतील बार्स हिल या शाळेत गणितात तिने चमक दाखवली आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांचे दरवाजे तिच्यासाठी उघडले. पत्र्याच्या कारागिराच्या मुलीसाठी १९५० च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली तीच मुळी १९४८ मध्ये. शिष्यवृत्ती मिळवून डेलिया केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात गणित शिकू लागल्या. वर्षभराने त्यांनी संगीताकडे मोर्चा वळवला आणि १९५९ मध्ये गणित व संगीत या दोन्ही विषयांसह पदवी घेतली. मध्ययुगीन संगीत आणि अत्याधुनिक संगीत ही दोन टोके त्यांना विशेष प्रिय होती. १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात, चंडीगडमुळे आपल्याला परिचित असलेल्या ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयाने उभारलेल्या मंडपात, एडगर व्हारेझ यांची ध्वनिफितीवरची रचना त्यांनी ऐकली. वाद्यांविना संगीत शक्य आहे, याची ती प्रचीती होती.

पदवीनंतर आपल्याला ध्वनी, संगीत आणि ध्वनिशास्त्र यांत रस असल्याचे त्यांनी विद्यापीठाच्या नोकरी-मार्गदर्शन कार्यालयाला सांगितले. तेथून श्रवणयंत्रे बनवण्याचा किंवा समुद्राची खोली मोजण्याचा व्यवसाय सुचवण्यात आला. मग त्यांनी डेक्का या विख्यात ध्वनिमुद्रिका कंपनीकडे अर्ज केला. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कंपनी स्त्रियांना नोकरी देत नाही, असे उत्तर मिळाले. गणित आणि संगीत या दोन्हींत केंब्रिजची पदवी घेतलेल्या उमेदवाराला हे उत्तर देताना कुणाला काही वावगे वाटले नाही, कारण तसे वाटण्याचा तो काळ नव्हता.

पुढचे वर्ष त्यांनी मिळेल ते काम करण्यात घालवले. जिनिव्हात राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांना पियानो आणि गणित शिकवले. तेथेच संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेत काही महिने साहाय्यक म्हणून काढले. कॉव्हेंट्रीला परतून प्राथमिक शाळेत शिकवले. लंडनमध्ये बूझी अँड हॉक्स या संगीत प्रकाशकांकडे नोकरी केली. अखेर नोव्हेंबर १९६० मध्ये बीबीसीत स्टुडिओ व्यवस्थापकाची उमेदवारी करणारी साहाय्यक म्हणून त्या रुजू झाल्या.

बीबीसीच्या लंडनमधील मेडा व्हेल येथील इमारतीत रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा एक छोटा विभाग होता. डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या प्रयत्नांतून तो १९५८ मध्ये सुरू झाला. नभोनाट्यांना लागणारे विलक्षण आवाज तयार करणे हे त्याचे काम. हा विभाग संगीत विभागाच्या अखत्यारीत नव्हता आणि तेथे जे तयार होई त्याला संगीत म्हणण्याची बीबीसीची तयारीही नव्हती. ते विशेष ध्वनी होते. तेथे सहसा लोकांची रवानगी केली जाई. आपणहून जायला कुणी मागत नसे. डेलियांनी ती बदली मागून घेतली तेव्हा वरिष्ठांना नवल वाटले. एप्रिल १९६२ मध्ये त्या तेथे दाखल झाल्या आणि पुढची अकरा वर्षे, सुमारे दोनशे रेडिओ व दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी, त्यांनी तेथे ध्वनी घडवले.

त्या काळी संश्लेषक, म्हणजे आज ज्याला आपण सर्रास सिंथेसायझर म्हणतो ते यंत्र, वर्कशॉपमध्ये नव्हते. संगणक नव्हता. अनेक पट्ट्यांवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण करणारे यंत्रही नव्हते. होते ते इतकेच : उपकरणांची चाचणी घेण्यासाठी एकसुरी आवाज काढणारे ऑसिलेटर, सर्व कंपनसंख्या एकत्र मिसळलेला फुसफुसता आवाज देणारे यंत्र, तो गाळणारे फिल्टर आणि ध्वनिफितीची यंत्रे. यांच्या जोडीला ब्लेड, चिकटपट्टी आणि मोजपट्टी. एखादा आवाज मुद्रित करायचा. फीत हळू फिरवली की तो खाली उतरतो, वेगाने फिरवली की वर चढतो. उलटी फिरवली की शेवट आधी आणि आरंभ नंतर येतो. सेकंदाला पंधरा इंच या वेगाने फीत फिरत असेल तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. म्हणजे संगीतातील काळ हा टेबलावर ठेवून पट्टीने मोजता येत होता. गणिताच्या पदवीधर स्त्रीला याहून आवडते काम कोणते असणार? स्वरांमधील अंतरे आणि कंपनसंख्या काढण्यासाठी त्या लॉगॅरिथमच्या कोष्टकांचे पुस्तक हाताशी ठेवत.

ध्वनीचे विश्लेषण हा त्यांच्या कामाचा गाभा होता. तंबोरा जुळला की त्यात कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडच्या संगीतप्रेमींना सांगायला नको. प्रत्येक स्वराच्या पोटात असे अनेक उपस्वर असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर त्या स्वराचा पोत ठरतो. डेलिया एखाद्या आवाजाचे हे उपस्वर कानाने आणि यंत्राने वेगळे करत, त्यांची कंपने मोजत आणि मग ऑसिलेटरवर एकेक उपस्वर निर्माण करून नवाच आवाज रचत. स्वर आयता मिळत नव्हता. आधी तो घडवायचा आणि मग सुरावटीत बसवायचा.

१९६३ च्या उन्हाळ्यात रॉन ग्रेनर यांनी नव्या मालिकेसाठी शीर्षकसंगीताची स्वरलिपी लिहून दिली. ती एखाद्या पानात मावेल इतकी छोटी होती. मुख्य चाल, खर्जाची ओळ आणि वाद्यांच्या नावांऐवजी वारा, ढग, बुडबुडे अशा आशयाच्या सूचना. वर्कशॉपमध्ये हा कागद डेलियांच्या हाती आला. साहाय्याला डिक मिल्स हे तरुण तंत्रज्ञ होते.

पुढची प्रक्रिया समजून घेतली, तर त्या अडीच मिनिटांचे मोल कळते. खर्जाच्या ठेक्यासाठी त्यांनी एक ताणलेली तार छेडली आणि तो एकच टणत्कार मुद्रित केला. मग फितीचा वेग बदलत त्या एका आवाजातून हवे ते सारे स्वर काढले. प्रत्येक स्वराच्या अनेक प्रती केल्या, प्रत्येक तुकडा मापाने कापला आणि एकामागून एक चिकटवला. मुख्य चालीसाठी ऑसिलेटरचे स्वर वापरले. ती घसरत चढणारी मींड ऑसिलेटरचे बटण हाताने फिरवून साधली. सळसळीसाठी फुसफुसता आवाज फिल्टरमधून गाळला. अशा प्रकारे प्रत्येक ओळीची स्वतंत्र फीत तयार झाली. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी, तशी ती सुरावट तुकड्यातुकड्यांनी शिवलेली होती. फरक इतकाच, की येथे टाका अर्धा सेंटिमीटर चुकला तरी ताल चुकत होता. शेवटी वेगवेगळ्या यंत्रांवर या फिती चढवायच्या, हाताने एकाच क्षणी यंत्रे सुरू करायची आणि सगळ्या ओळी मिळून चौथ्या फितीवर उतरवायच्या. जमले नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

एकदा कुठेतरी एक स्वर बेताल लागत होता आणि तो कोणत्या फितीत आहे ते सापडेना. तेव्हा मेडा व्हेलच्या लांब व्हरांड्यात सगळ्या फिती शेजारीशेजारी उलगडून टाकल्या गेल्या. जिथे जोड इतरांच्या रांगेत नव्हता, तिथे चूक होती. डिक मिल्स यांनी पुढे अनेकदा सांगितलेली ही आठवण त्या साऱ्या कामाचे स्वरूप नेमके दाखवते. संगीतातील चूक त्यांनी डोळ्यांनी शोधून काढली.

तयार झालेली सुरावट ऐकून ग्रेनर चकित झाले. हे मी लिहिले आहे का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि बहुतांशी तुम्हीच, असे मिस्कील उत्तर डेलियांनी दिले, असे सांगतात. ग्रेनर यांचा मोठेपणा असा, की त्यांनी हा प्रसंग विनोदावर सोडून दिला नाही. डेलियांना सहसंगीतकार म्हणून श्रेय मिळावे आणि मानधनातही वाटा मिळावा, यासाठी त्यांनी प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला. वर्कशॉपमधील कर्मचारी हे संस्थेचे पगारी नोकर. त्यांचे काम हे संस्थेचे काम. म्हणून श्रेय वर्कशॉपला, व्यक्तीला नाही, असे बीबीसीचे धोरण होते. पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आले आणि त्यांच्यासोबत रेडिओफोनिक वर्कशॉपचे. तीच सुरावट, किरकोळ फेरफारांसह, १९८० पर्यंत मालिकेच्या आरंभी वाजत राहिली. ब्रिटनमधील मुलांच्या दोन पिढ्या ती ऐकत, काही तर सोफ्यामागे लपून ऐकत, मोठ्या झाल्या.

येथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या संस्थेने नाव दिले नाही, त्याच संस्थेने ती खोली, ती यंत्रे आणि तो वेळ दिला होता. खासगी कंपनीने दार लावून घेतल्यानंतर बीबीसीनेच ते उघडले होते. त्या काळच्या ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी अशी दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच. डेलियांची तक्रार पैशांपुरती नव्हती. आपण जे करतो ते तांत्रिक साहाय्य नसून रचना आहे, हे कुणीतरी मान्य करावे, ही त्यांची अपेक्षा होती. नियमाला हा फरक कळत नव्हता.

‘डॉक्टर हू’च्या कीर्तीमुळे त्यांचे बाकीचे काम झाकोळले, याचीही त्यांना खंत होती. १९६४ आणि १९६५ मध्ये नाटककार बॅरी बर्मांज यांच्यासोबत त्यांनी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमसाठी चार ध्वनिरचना केल्या. त्यांपैकी ‘द ड्रीम्स’ या रचनेत सामान्य माणसांनी आपापली स्वप्ने सांगितली आहेत : पळण्याची, पडण्याची, पाण्यात बुडण्याची. त्या बोलण्याचे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि त्यांच्या तळाशी डेलियांचे ध्वनी हळूहळू हलत राहतात. दुसऱ्या एका रचनेत ईश्वराविषयी बोलणारी माणसे आहेत, आणखी एकीत मरणोत्तर जीवनाविषयी. रेडिओने माणसाच्या अंतर्मनात इतके खोल उतरावे, असे उदाहरण विरळाच.

सहारातील तुआरेग या भटक्या जमातीवरील माहितीपटासाठी त्यांनी केलेली ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ ही रचना तर अनेक जाणकार त्यांची सर्वोत्तम कृती मानतात. तिच्यामागे एक हिरव्या रंगाची पत्र्याची दिव्याची टोपी आहे. कार्यालयात वापरली जाणारी अगदी साधी वस्तू. तिच्यावर आघात केला की घुमणारा नाद निघे. डेलियांनी तो मुद्रित केला, आघाताचा सुरुवातीचा क्षण कापून टाकला आणि उरलेला निव्वळ अनुनाद ठेवला. त्यातील उपस्वर शोधले आणि त्यांवरून ऑसिलेटरच्या मदतीने वाळवंटातील मृगजळासारखा थरथरता स्वर उभा केला. त्यात स्वतःच्या आवाजाचे तुकडेही मिसळले. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या मुलीने पत्र्यातूनच वाळवंट ऐकवावे, हा योगायोग मनात रेंगाळत राहतो.

बीबीसीच्या चौकटीबाहेरही त्या धडपडत होत्या. १९६२ मध्ये डार्टिंग्टन येथील उन्हाळी संगीतशाळेत इटालियन संगीतकार ल्युचानो बेरिओ यांच्या साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. १९६६ मध्ये सहकारी ब्रायन हॉजसन आणि संशोधक पीटर झिनोव्हिएफ यांच्यासह त्यांनी युनिट डेल्टा प्लस हा गट स्थापन केला. ब्रायन हॉजसन म्हणजे पियानोच्या खर्जाच्या तारांवर किल्ली घासून त्या मालिकेतील कालयानाचा प्रसिद्ध आवाज काढणारे. हा गट फार काळ टिकला नाही. पुढे डेव्हिड व्होरहाउस या तरुणाबरोबर या दोघांनी ‘अॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ ही ध्वनिमुद्रिका केली. १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा फारशी खपली नाही. आज ती इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासातील एक टप्पा मानली जाते. रंगभूमीसाठी, विशेषतः रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘मॅकबेथ’साठीही त्यांनी काम केले. नोकरीत असल्याने बाहेरच्या काही कामांवर त्यांनी टोपणनाव घातले. स्वतःच्या नावातील अक्षरे फिरवून आणि आपल्या तांबूस केसांचा उल्लेख गुंफून बनवलेले ते नाव होते ली द ला रूस. म्हणजे कार्यालयात नाव नाही आणि बाहेर खरे नाव नाही, अशी विचित्र अवस्था होती.

१९७० च्या सुमारास वर्कशॉपमध्ये सिंथेसायझर आले. बटण दाबले की स्वर मिळू लागला. कामे भराभर होऊ लागली आणि भराभर व्हावीत अशी अपेक्षाही वाढली. प्रगतीचे स्वागत सगळ्यांनी करावे, असे आपण मानतो. पण डेलियांना त्यात हरवलेलेच अधिक दिसले. स्वर आयता मिळाला, की त्याच्या पोटात शिरण्याचे कारण उरत नाही. १९७२ मध्ये या नव्या यंत्रावर ‘डॉक्टर हू’च्या सुरावटीची नवी आवृत्ती करून पाहण्यात आली; ती पसंत पडली नाही आणि जुनीच पुढे चालू राहिली. हाताने कापलेल्या फितीचा हा विजय म्हटला, तरी तो डेलियांना थांबवून ठेवण्यास पुरेसा नव्हता. कामाचा ताण, रात्र रात्र जागरणे आणि वाढता असंतोष यांनी त्या थकल्या होत्या. मनासारखे न झालेले काम नष्ट करण्याकडे त्यांचा कल होऊ लागला. ब्रिटनमधील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या शताब्दीसाठी केलेली रचना आज ऐकायला मिळते, ती हॉजसन यांनी तिची प्रत जपून ठेवली म्हणून.

१९७३ मध्ये त्यांनी बीबीसी सोडली. काही काळ हॉजसन यांच्या स्टुडिओत काम केले, दोन लघुपटांना संगीत दिले आणि १९७५ च्या सुमारास संगीतनिर्मिती थांबवली. वय अडतीस.

त्यानंतरची वर्षे वाचताना मन विषण्ण होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील कंब्रिया भागात वायुवाहिनी टाकण्याचे काम चालू होते, तेथे त्या बिनतारी संदेशयंत्रणा सांभाळत होत्या. ली युआन-चिया या चिनी चित्रकाराने त्याच भागात चालवलेल्या कलादालनात त्यांनी काम केले. एक अल्पकालीन विवाह झाला. १९८० नंतर नॉर्थॅम्प्टन येथे एका सहचरासोबत त्या शांतपणे राहू लागल्या. शेजारीपाजारी त्यांना ओळखत; पण आपल्या दिवाणखान्यात दर शनिवारी वाजणारी सुरावट या स्त्रीने घडवली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? मद्याचे व्यसन मात्र सुटले नाही.

१९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत तरुणांच्या नृत्यगृहांत पोहोचले आणि या संगीताचे मूळ शोधणाऱ्या नव्या पिढीला डेलियांचे नाव सापडू लागले. ऑर्बिटलसारखे गट आपल्या कार्यक्रमांत ‘डॉक्टर हू’ची सुरावट वाजवू लागले. पीटर केंबर या तरुण संगीतकाराने त्यांच्याशी संपर्क साधला आणि दीर्घ खंडानंतर त्यांनी पुन्हा ध्वनीकडे लक्ष वळवले. मुलाखती होऊ लागल्या. दोन पिढ्यांमधले संभाषण जमत आले होते. पण शरीराने साथ दिली नाही. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मूत्रपिंडे निकामी होऊन नॉर्थॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे घराच्या माळ्यावर २६७ ध्वनिफिती आणि कागदपत्रांचा मोठा साठा निघाला. काही फितींवरची लेबले गळून पडलेली. हा ठेवा आधी वर्कशॉपचा इतिहास जपणाऱ्या मार्क आयर्स यांच्याकडे आणि २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाकडे गेला. तेथे तो अंकीय स्वरूपात उतरवण्यात आला. त्यातील एक छोटा तुकडा १९६० च्या दशकाच्या अखेरचा असूनही तीस वर्षांनंतरच्या नृत्यसंगीतासारखा वाजतो, हे ऐकून जाणकार थक्क झाले. स्वतःचे काम जाहीरपणे टाकून दिलेल्या स्त्रीने त्यातील इतके माळ्यावर जपून ठेवले होते. या दोन गोष्टींपैकी खरी कोणती, असे विचारण्यात अर्थ नाही. कलावंताच्या मनात दोन्ही एकाच वेळी नांदतात.

मग सन्मान आले. मँचेस्टरमध्ये २०१३ पासून त्यांच्या नावाचा दिवस साजरा होऊ लागला. कॉव्हेंट्रीत एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले, बालपणीच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली आणि २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. त्या आधी, २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दाखवलेल्या विशेष भागात शीर्षकसंगीताच्या श्रेयात त्यांचे नाव प्रथमच पडद्यावर झळकले.

कला ही एकट्याची असते, असा आपला भाबडा समज असतो. प्रत्यक्षात मालिका, चित्रपट, नाटक, इतकेच काय वर्तमानपत्रही अनेक हातांनी घडते. त्यातील काही हातांना नाव मिळते आणि काही संस्थेच्या नावात विरून जातात. असे विरून जाण्यात दरवेळी अन्यायच असतो असे नाही. अनेक जण ते समाधानाने स्वीकारतात. पण ज्याच्या हाताखाली कच्चा कागद पूर्ण कलाकृती होतो, त्याला केवळ साहाय्यक म्हणणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. ग्रेनर यांना हे १९६३ मध्येच कळले होते. नियमांना कळायला पन्नास वर्षे लागली.

संगीतदिग्दर्शकाच्या नावाखाली वाद्यमेळ रचणारे, ध्वनिमुद्रण करणारे, जोडकाम करणारे असे कितीतरी जण सर्वत्र असतात. कार्यक्रम संपताना पडद्यावर नावे सरकू लागली, की आपण उठून जातो किंवा वाहिनी बदलतो. डेलिया डर्बीशायर यांच्यासाठी ती काही सेकंदांची नामावली अख्ख्या आयुष्याचा प्रश्न होती. पुढच्या वेळी उठण्यापूर्वी ती नावे वाचून पाहावीत. जी तेथे आहेत त्यांच्यासाठी, आणि जी असायला हवी होती त्यांच्यासाठीही.